फिलूचं एक मिनिट

मुंबईहून नैरोबी किती लांब, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कोणत्या दिवशी? माणसं हसतात. म्हाताऱ्याला थट्टेची खोड आहे, असं त्यांना वाटतं. पण मी सांताक्रूझ विमानतळावर जवळजवळ तीस वर्षं याच प्रश्नाची भाकरी खाल्ली, आणि हा प्रश्न थट्टेचा नाही, हे मला एका शनिवारी चांगलंच समजलं. त्या शनिवारची गोष्ट लिहायची आहे. तिच्याआधी आमचा धंदा काय होता, तेवढं सांगून टाकतो.

मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये होतो. डिस्पॅच म्हटलं की लोकांना पाकिटं चिकटवणारा कारकून आठवतो. आमची मावशी मनोरीत गावभर सांगायची, “आमचा इनास विमानतळावर पोष्टाचं काम करतो.” मी दोनचारदा समजावलं, मग नाद सोडला. खरं काम असं, की विमान सुटायच्या आधी त्याचा सगळा प्रवास आम्ही कागदावर करून बघायचा. कोणत्या वाटेने, किती उंचीवरून जायचं, वारा कुठे भेटेल, किती तास लागतील, इंधन किती भरायचं. शेवटी त्या कागदावर दोन सह्या होत, एक वैमानिकाची आणि एक आमची. दोन्ही असल्याशिवाय विमान हलत नसे. विमानात न बसता विमानाला जबाबदार असलेला माणूस म्हणजे मी, आणि याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

मुंबई ते नैरोबी हे अंतर सुमारे दोन हजार साडेचारशे सागरी मैल. ते बदलत नाही. पण जाताना वारा समोरून आला तर तेच विमान सहा तास घेतं, आणि येताना पाठीवर आला तर पाच तासांत येतं. प्रवासी चिडून विचारत, “जाताना तुम्ही फिरवून नेता काय?” माझ्या वडिलांना मात्र हे एका वाक्यात कळलं होतं. बाबा मार्वे ते मनोरी होडी चालवायचे. नोकरीला लागल्यावर मी त्यांना मोठ्या उत्साहाने हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विडी पेटवली आणि म्हणाले, “मग त्यात काय रं? भरतीला मनोरी जवळ, ओहोटीला लांब. यासाठी तुना पगार देतात?”

मला नोकरीत शिकवलं बर्वेसाहेबांनी. मुलुंडहून यायचे, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि एक दोऱ्याचं रीळ. त्यांच्या टेबलावर मुलीचा शाळेतला पृथ्वीचा गोल होता. नवा माणूस आला की ते त्याला भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून लंडन ते टोकियो रेघ मारायला सांगत. मग तोच दोरा गोलावर ताणून धरत. दोरा पार वर सैबेरियाच्या उत्तर भागावरून जायचा आणि नव्या माणसाचं तोंड पडायचं. “नकाशा खोटं बोलतो, दोरा बोलत नाही,” एवढंच म्हणून ते पुन्हा कामाला लागत.

पहिल्याच महिन्यात मी जी चूक केली, ती होडीवाल्याच्या मुलानेच करावी. हवामान खातं वारा सांगतं तो कुठून येतो त्या बाजूने. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. आम्ही होडीवाले पाण्याची ओढ सांगतो ती कुठे नेते त्या बाजूने. आमची होडी वल्ह्यांची, शिडाशी कधी संबंध आला नव्हता. मी एडनला जाणाऱ्या विमानाचा कागद करत होतो. पश्चिमेचा वारा दिसला, माझ्या डोक्याने ती ओढ धरली आणि मी तो पश्चिमेकडे नेणारा मानला. समोरून येणारा वारा मी पाठीवर घेतला आणि खुशीत इंधन कमी लिहिलं.

बर्वेसाहेबांनी कागद पाहिला. “एडनला किती वाजता पोचेल?”

मी वेळ सांगितली.

“पोचणार नाही,” ते म्हणाले. “अर्धा तास अलीकडे समुद्रात उतरेल. चहा सांग दोन.”

चहा येईपर्यंत मी कुठल्या कोपऱ्यात बसून रडावं ते शोधत होतो. साहेब ओरडले नाहीत. मी कुठे चुकलो ते त्यांनी माझ्याचकडून काढून घेतलं, होडीचं ऐकून थोडं हसले, आणि मग पेन्सिलीने कागदावरच्या राखीव इंधनाच्या रकान्याभोवती वर्तुळ काढलं. उतरायच्या ठिकाणी अडचण आली तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायला आणि थोडा वेळ घिरट्या घालायला लागणारं ते इंधन.

“हे बघ इनास, हे इंधन कंपनीचं नाही, वैमानिकाचं नाही, तुझंही नाही. ते आपल्या चुकांचं आहे. दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही.”

हे वाक्य मी गाठीला बांधलं.

विचारपूस करणारे लोकही आमच्याकडे एकेक यायचे. घाटकोपरच्या एक बाई दर गुरुवारी फोन करायच्या. मुलगा मालवाहू विमानावर होता. “आता तो कुठे असेल?” मी घड्याळ आणि कागद बघून सांगायचो, तेहरानच्या जरा पुढे. “मग आता जेवला असेल,” म्हणून त्या फोन ठेवायच्या. बोरिवलीचे एक जोशीबुवा यजमानाचा मुहूर्त घेऊन आले आणि मला म्हणाले, “प्रस्थान नेमकं कशाला धरायचं? चाकं हलली त्याला, की जमीन सुटली त्याला?” मी खुर्चीतून उठलोच. आमच्या धंद्यातला हाच तर पहिला धडा. चाकांखालच्या पाचरी काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतची वेळ वेगळी आणि हवेतली वेळ वेगळी, आणि शिकलेसवरलेले प्रवासी ती आयुष्यभर एकच समजतात. मी बुवांना चहा पाजला. त्यांनी विचार करून चाकं धरली. का, तर माणूस घराचा उंबरा ओलांडतो तेव्हा निघतो, गाव सुटतं तेव्हा नव्हे.

आता तो शनिवार. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी अंधेरीला खोली घेऊन राहत होतो आणि सुट्टीच्या दिवशी होडीने मनोरीला जात होतो. आई फिलूच्या लहानपणीच गेलेली. फिलू म्हणजे माझी धाकटी बहीण फिलोमिना. तिचं लग्न ठरलं आंतोनशी. मूळचा गोराईचा, पण आईवडिलांसकट नैरोबीला स्थायिक, तिथे रेल्वेच्या कचेरीत नोकरीला. त्याला रजा मिळेना, म्हणून लग्न तिकडेच करायचं ठरलं, सोमवारी. त्या आठवड्याच्या बुधवारी राखेचा बुधवार होता. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत उपासाचा काळ, आम्हा ख्रिस्ती लोकांत तेव्हा लग्न लागत नाही. सोमवार चुकला तर सात आठवडे थांबायचं. नैरोबीचं आमचं विमान आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी.

फिलूचं तिकीट माझ्या नोकरीच्या सवलतीतलं होतं. अविवाहित, भावावर अवलंबून असलेली बहीण, म्हणून मिळालं. या तिकिटाची एक अट असते. जागा असेल तर बसायचं, आणि वजन कमी करायची वेळ आली तर पहिल्यांदा उतरायचं. त्या महिन्यात विमानं निम्मी रिकामी जात होती. मी फिलूला म्हटलं, काळजी करू नकोस. हे मी बोललो, ते लक्षात ठेवा.

शुक्रवारी मनोरीत लग्नाआधीचं सगळं झालं. विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, आमच्यात त्याला उंबराचं पाणी म्हणतात, तेही झालं. शनिवारी पहाटे अख्खा गाव बाजा घेऊन तिला जेट्टीवर सोडायला आला. बाबांनी स्वतः वल्ही मारून तिला मार्व्याला आणलं आणि तिथूनच मागे फिरले. आमच्या घरात एक रीत होती. पाण्यावर निघालेल्या माणसाला कवा पोचशील, कवा येशील, असं विचारायचं नाही. बाबा म्हणायचे, “वेळ सांगितली की दर्या ऐकतो.” मी विमानतळावर दिवसभर पोचायच्या वेळा लिहीत असे, पण घरी येताना तो विषय बाहेर ठेवून येत असे.

नऊचं विमान. मी सहाला कामावर आलो. बर्वेसाहेब रजेवर होते, म्हणजे कागद माझा आणि सहीही माझीच. हिशोब नेहमीसारखा, पाच तास चाळीस मिनिटं. सात वाजता हवामान खात्याचा ताजा नकाशा आला. अरबी समुद्रावर पश्चिमेचा वारा रात्रीत खूप वाढला होता. मी पुन्हा हिशोब केला. सहा तास पाच मिनिटं.

पंचवीस मिनिटांचं इंधन म्हणजे अडीच हजार किलो. विमानाने किती वजन घेऊन उडायचं ते ठरलेलं असतं. इंधन वाढलं की दुसरं काहीतरी उतरवावं लागतं. नेमकं त्या दिवशी एक क्रिकेटचा संघ आणि दोन मोठी कुटुंबं ऐनवेळी वाढल्यामुळे विमान भरलेलं होतं. मी मालाची खोकी उतरवायला सांगितली. सगळी उतरवली. तरी चारशे किलो जास्त.

चारशे किलो म्हणजे चार प्रवासी आणि त्यांच्या पेट्या. सवलतीच्या तिकिटावर त्या दिवशी चारच जण होते. यादी बघायची गरज नव्हती, तरी मी पाहिली.

वैमानिक खोलीत आले. मोठा माणूस, लढाईच्या काळापासून उडणारा. माझ्या शेजारी बसणारा डिसोजा, त्याने त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी कागद वाचला आणि खाली ठेवला.

“चारशे किलो म्हणजे किती मिनिटं, इनास?”

“चार, सर.”

“नैरोबीला दुपारी आकाश स्वच्छ आहे. राखीवमधली चार मिनिटं कमी लिही, मी सही करतो. चार मिनिटांचं इंधन तर मी एरवीही धावपट्टी मोकळी होण्याची वाट बघत जमिनीवर जाळतो. तुझ्या बहिणीचं लग्न आहे ना?”

चांगला माणूस होता. मनापासून बोलत होता, आणि बहुधा बरोबरही बोलत होता. मी मनात भागाकार केला. फिलू आणि तिची पेटी मिळून शंभर किलो. एक मिनिट. माझ्या बहिणीचं लग्न एका मिनिटाचं होतं.

माझ्या हातात पेन्सिल होती. खोटं का सांगू, मी राखीव इंधनाच्या रकान्यावर ती टेकवली होती. मला समोर एडनचा तो कागद दिसत होता. तेव्हाही मला माझा वारा बरोबरच वाटला होता. आणि ज्या दिवशी माझंच माणूस विमानात आहे, त्या दिवशी माझ्या डोक्यावर मी सर्वांत कमी भरवसा ठेवला पाहिजे, हेही कळत होतं.

“नाही सर,” मी म्हटलं. “ते आपलं नाही.”

त्यांनी पेन काढून सही केली. डिसोजा म्हणाला, “वाट लावलीस यार घराची. मी जाऊन सांगू का तिला?” मी म्हटलं, नको, मीच जातो.

फिलू विमानाकडे नेणाऱ्या बसच्या रांगेत उभी होती. नवी साडी, हातात मावशीने दिलेला लाडवांचा डबा. मला बघून हसली. मी निरोप घ्यायला आलोय असं तिला वाटलं. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं.

“कोणी काढलं मना?”

“वारा वाढलाय गं. वजन...”

“वारा नको सांगू. कोणी काढलं?”

“मी.”

तिने डबा माझ्या हातात दिला आणि आपली पेटी परत कुठे मिळेल ते तिथल्या माणसाला विचारायला गेली.

मला ड्यूटी सोडता येत नव्हती. ती एकटीच मार्व्याला गेली. तिच्याबरोबर त्या होडीत असलेल्यांनी पुढे मला सांगितलं, की बाबांनी तिला पेटीसकट उभी बघितली. पेटी उचलून होडीत ठेवली आणि वल्ही हातात घेतली. पलीकडे जेट्टीवर सकाळच्या बाजातला ढोलवाला अजून बसला होता. तिला येताना बघून तो ढोल घेऊन उठून गेला.

दुपारी नैरोबीचा टेलेक्स आला. विमान उतरलं होतं, माझ्या वेळेच्या अकरा मिनिटं आधी. अर्ध्या वाटेनंतर वारा पडला होता. चार मिनिटांसाठी चार माणसं उतरवली आणि अकरा मिनिटं शिल्लक राहिली. डिसोजाने टेलेक्स वाचून माझ्या टेबलावर उलटा ठेवला आणि कँटीनला निघून गेला. तेवढा समजूतदारपणा त्याच्यात होता.

सोमवारी बर्वेसाहेब आले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. त्यांनी शनिवारचा कागद मागवला आणि पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत पुन्हा हिशोब केला. अर्धा तास लागला. मी उभा होतो.

“कागद बरोबर आहे,” ते म्हणाले. “वारा चुकला.”

मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण माझी बहीण नव्हती.”

मनोरीत मला कोणी टोचून बोललं नाही. लोक फक्त विषय बदलायचे, आणि ते जास्त लागायचं. मावशी एकदा म्हणाली, “पोष्टातच असता तर बरं झालं असतं.” बाबांना मी टेलेक्सचं सांगितलं, लपवलं नाही. त्यांनी विडी पेटवली. “होडी भरलेली असली आणि पाणी खवळलेलं दिसलं, तर मी माणूस उतरवतो. मागून पाणी निवलं, तर उतरवला तो चुकला काय?” असं ते समुद्राकडे बघत म्हणाले. मला बरं वाटलं. पण फिलू आत चुलीपाशी होती आणि तिने ते ऐकूनही मान वर केली नाही.

सात आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मी घरी गेलो की जेवायला वाढायची, पण मी भाकरी मागितली तर बाबांकडे बघून विचारायची, “बाबा, यांना अजून हवी काय?” आंतोनचं पत्र मात्र फार छान आलं. त्याने लिहिलं होतं की थांबलेल्या लग्नाला गर्दी जास्त होते. सोबत त्याने पूर्ण भाड्याचं तिकीट पाठवलं होतं. भावाने उतरवू नये म्हणून, असं त्याने लिहिलं नव्हतं, पण आम्हाला ते सगळ्यांना वाचता आलं.

ईस्टरनंतरचा बुधवार. या वेळी बाजा नव्हता. पण बाबा मार्व्याला थांबले नाहीत. होडी दुसऱ्याच्या हाती देऊन आयुष्यात पहिल्यांदा विमानतळावर आले. इस्त्रीचा शर्ट, पायात माझ्या जुन्या चपला. मी कागद करून, सही करून खाली आलो. नकाशा शांत होता. पाच तास चाळीस मिनिटं, हिशोब तीनदा तपासलेला.

फिलू रांगेत लागायच्या आधी बाबांच्या पाया पडली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, हिला निरोपाचे दोन शब्द तरी बोलायचे आहेत.

“दादा,” ती म्हणाली, “कवा पोचंन मी?”

आमच्या घरात हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग म्हणाले, “सांग तिना. तुझं काम हाय ते.”

“बारा वाजून दहा मिनिटांनी,” मी म्हटलं. “त्यांच्या घड्याळाप्रमाणे, ते अडीच तास मागे असतं.”

तिने मान हलवली, जशी एखादी वस्तू नीट मोजून घेतल्यावर हलवतात, आणि गेली.

दुपारी टेलेक्स आला. बारा सतरा. सात मिनिटं उशीर, कारण नैरोबीवर दुसरं विमान उतरत होतं म्हणून याला घिरट्या घालाव्या लागल्या. सात मिनिटं त्या राखीव इंधनातली, ज्याला हात लावायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी मनोरीला तार आली. तारेतलं इंग्रजी बाबांना येत नव्हतं, म्हणून मी जाईपर्यंत त्यांनी ती उशीखाली जपून ठेवली होती. मी उघडली. तिच्यात एवढंच होतं, सुखरूप पोचले, बारा दहा.

“तू सांगितलेलीच वेळ?” बाबांनी विचारलं.

फिलूला घड्याळ बघता येत होतं. आंतोनने लग्नासाठी पाठवलेलं घड्याळ तिच्या हातात होतं, मी स्वतः ते आधीच नैरोबीच्या वेळेवर लावून ठेवलं होतं.

“होय,” मी म्हटलं. “मिनिटाचाही फरक नाही.”

बाबांनी तार माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि होडीच्या पैशांच्या डब्यात ठेवली. ते गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. तार अजून त्यात आहे. कोणी विचारलंच की फिलूला नैरोबीला पोचायला किती वेळ लागला, तर मात्र मी टेलेक्सचं सांगत बसत नाही. पाच तास चाळीस मिनिटं, असं सांगतो.